भाड्याची होडी, मेल्टेमी आणि शनिवार

मंडळी, विषय जाहीर झालाय : 'भाड्याची शिडाची होडी – परवाना असला म्हणजे झालं का?' इथल्या निम्म्या लोकांची मुलं लंडन-म्युनिकला आहेत आणि उन्हाळ्यात ग्रीसला जाऊन 'बेअरबोट' घेतात. गेटवेला शिडाची होडी घेतली तर खलाशी बरोबर येतो. बेअरबोटीवर तांडेल म्हणजे कप्तान नाही, खलाशी नाही, चाळीस फुटी होडी थेट तुमच्या चिरंजीवांच्या ताब्यात. हसू नका, फोटो मी पाहिलेत.

तर ग्रीसमधल्या पारोस बेटावरचं नौसा बंदर. तिथे होडी धक्क्याला आडवी लावत नाहीत. धक्क्यापासून तीन-चार होड्यांच्या लांबीएवढं अंतर ठेवून पुढचा नांगर टाकायचा, साखळी सोडत उलटं यायचं आणि मागची बाजू धक्क्याला बांधायची. आमची होडी तिथे बांधलेली होती, दुपारी शेजारी एक कुटुंब आलं. (मराठी नव्हतं, निर्धास्त राहा.) वारा आडवा. नवरा मागे सुकाणूवर, बायको पुढे नांगराच्या बटणापाशी, मध्ये इंजिनाचा आवाज. तो ओरडतो 'टाक', ती विचारते 'काय?' चाळीस वर्षांच्या संसारात आपण हेच करतो, पण आपल्या हातात आठ टनांची होडी नसते. शेवटी नांगर पडला तो बरोबर आमच्या साखळीवर. उलटं जाताना वेग कमी पडला की सुकाणू लागत नाही. वाऱ्यानं होडीचं नाक फिरवलं आणि ती आडवी आमच्यावर आली. त्यांच्या दहा-बारा वर्षांच्या मुलानं होडी अडवायला पाय बाहेर काढला. मी ओरडलो, "अरे पाय आत घे!" अस्सल मराठीत. त्यानं घेतला! धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्यानं तेवढ्यात फेंडर, म्हणजे होड्या आपटू नयेत म्हणून लावतात तो फुगा, मध्ये सरकवला.

सकाळी आमचा नांगर उचलला तर वर त्यांची साखळी. अशा वेळी तिच्याखालून दोरी घालायची, दोन्ही टोकं आपल्याकडे बांधायची, आपला नांगर खाली सोडून मोकळा करायचा आणि मग दोरीचं एक टोक सोडून द्यायचं. अर्धा तास गेला.

त्या गृहस्थांकडे परवाना होता. पाच दिवसांचा प्रात्यक्षिक कोर्स, त्यावर मिळालेलं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, सगळं रीतसर. ग्रीसमध्ये दुसरा जाणकारही लागतो, पण त्यानं 'मला येतं' असं स्वतः लिहून दिलं तरी चालतं. बाईंनी दिलं होतं.

चिटणीसांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मुख्य मुद्दा राहिलाच की!

भराभर सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये ग्रीसजवळच्या एजियन समुद्रावर मेल्टेमी नावाचा वारा वाहतो, उत्तरेकडून. बाल्कनवर जास्त दाब, तुर्कस्तानवर कमी. आकाश निरभ्र, त्यामुळे नवख्याला धोका दिसत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. आणि होडी साधारणपणे शनिवार ते शनिवार मिळते. शुक्रवारी संध्याकाळी परत आणायची, नाहीतर अनामत रक्कम अडकते, विमान चुकतं. माझं म्हणणं एवढंच, की माणसं अज्ञानापेक्षा या शनिवारापायी बंदराबाहेर पडतात. पाच दिवसांच्या कोर्सात 'आज निघायचं नाही' याची परीक्षा घेत नाहीत.

मुलांना फोनवर विचारा : गुरुवारी सात नंबरचा, म्हणजे जवळजवळ वादळी वारा सांगितला तर काय करशील? 'बुधवारीच होडी परत द्यायच्या बंदराजवळ येऊन बसेन' म्हणाला तर जाऊ द्या. 'बघू' म्हणाला तर पहिल्या वर्षी तिथला तांडेल घ्यायला लावा. त्याचे रोजचे पैसे वेगळे पडतात, जेवणही आपणच घालायचं. प्रश्न चहाच्या वेळी विचारा, माईक काढून घेताहेत.