नियम करणाऱ्यांकडे पाहताना

१८ मार्च २०२०. इटलीतील बेर्गामो शहराची शवदाहिनी अपुरी पडल्याने लष्कराचे ट्रक शवपेट्या घेऊन इतर शहरांकडे निघाले आहेत. नेमक्या याच काळात पंतप्रधान जुझेप्पे कोंते यांची लोकप्रियता वाढत होती. कोविडच्या साथीच्या पहिल्या आठवड्यांत अनेक देशांतील जनता सरकारच्या पाठीशी उभी राहिली. त्यात कामगिरीची पावती कमी आणि भीती अधिक होती.

हा पाठिंबा टिकवण्याचे काम न्यूझीलंडमध्ये कसे चालले, ते पाहण्यासारखे आहे. दुपारचा एक वाजला की पंतप्रधान जसिंडा आर्डर्न आणि आरोग्य महासंचालक अ‍ॅशली ब्लूमफील्ड दूरचित्रवाणीवर येत; शेजारी सांकेतिक भाषेचे दुभाषी उभे असत. नव्या रुग्णांची संख्या सांगितली जाई आणि मग पत्रकारांचे प्रश्न सुरू होत. निर्बंधांचे चार स्तर २१ मार्चला जाहीर झाले, त्यामुळे २५ मार्चच्या मध्यरात्री सर्वांत कडक असा चौथा स्तर लागू झाला तेव्हा त्यात काय बंद राहणार, हे लोकांना आधीच ठाऊक होते. ऑक्टोबरच्या निवडणुकीत आर्डर्न यांच्या मजूर पक्षाला १२० पैकी ६५ जागा मिळाल्या.

लंडनमध्ये चित्र वेगळे होते. २५ मे २०२० रोजी पंतप्रधान निवासाच्या बागेत, एका लहानशा टेबलामागे, पांढऱ्या सदऱ्यातील डॉमिनिक कमिंग्ज कागदावरून वाचून दाखवत आहेत. इतरांना घरीच थांबण्यास सांगणाऱ्या सरकारचे हे सल्लागार टाळेबंदीत उत्तर इंग्लंडमधील डरहॅमला गेले होते, आणि त्यांनी क्षमा मागितली नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या पाहणीत त्यानंतर इंग्लंडमधील लोकांचा सरकारवरील विश्वास घसरलेला दिसला. स्वतःची सरकारे असलेल्या स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तशी घसरण दिसली नाही.

१७ एप्रिल २०२१ रोजी पतीच्या अंत्यविधीला राणी एलिझाबेथ नियमानुसार एकट्या बसल्या. आदल्या रात्री पंतप्रधानांच्या कार्यालयात दोन मेजवान्या झाल्या होत्या, हे पुढल्या जानेवारीत उघडकीस आले. टाळेबंदीतील अशाच दुसऱ्या एका कार्यक्रमासाठी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना दंड झाला आणि इतर प्रकरणांची भर पडून २०२२ मध्येच त्यांचे पदही गेले.

न्यूझीलंडचाही विश्वास अभंग राहिला नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये लसीकरणाच्या सक्तीविरुद्ध लोकांनी वेलिंग्टनच्या संसदेसमोर तंबू ठोकले. तेव्हा सभापती ट्रेवर मॅलर्ड यांनी हिरवळीवरील पाण्याचे फवारे सुरू करवले आणि ध्वनिक्षेपकांवरून मोठ्याने गाणी लावली. आंदोलकांनी पाणी वाहून जावे म्हणून चर खणले. रोज दुपारी प्रत्येक नियमाचे कारण सांगणाऱ्या व्यवस्थेला या माणसांशी बोलण्याची भाषा सापडली नाही. २ मार्चला पोलिसांनी मैदान रिकामे केले, तेव्हा तंबू पेटलेले होते.