चिनी बारावीचा इंग्रजी पेपर: ऐकणं आणि वाचणं नेमकं कसं तपासतात?

नमस्कार मंडळी.

"हा शर्ट केवढ्याला?" पर्याय तीन. 19 पौंड 15 पेन्स, 9 पौंड 18 पेन्स, 9 पौंड 15 पेन्स. चीनच्या गाओकाओमध्ये, म्हणजे बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेत, इंग्रजीच्या श्रवण विभागाच्या सुरुवातीला नमुना म्हणून हा शर्टचा प्रश्न वर्षानुवर्षं छापला जातोय. त्याला गुण नाहीत, पण रचना पाहा. पहिला पर्याय 'नाइन' आणि 'नाइन्टीन' यांत गोंधळणाऱ्याला पकडतो. दुसरा पर्याय 'फिफ्टीन' आणि 'एटीन' यांत गोंधळणाऱ्याला. दोन्ही चुकीच्या पर्यायांना स्वतःचं काम आहे. चांगल्या चाचणीत मुलाचा गुण गेला, तर तो कशामुळे गेला हे पेपर तपासणाऱ्याला सांगता आलं पाहिजे. आज गाओकाओचा पेपर आपण याच नजरेनं उघडून बघणार आहोत. वर्गासाठी इंग्रजीच्या चाचण्या काढणाऱ्या शिक्षकांनी वही-पेन जवळ ठेवा.

[पडद्यावर: पेपरची रचना]

आधी आराखडा. 2024 मध्ये गाओकाओला 1 कोटी 34 लाखांहून जास्त विद्यार्थ्यांनी नावं नोंदवली होती. इंग्रजीचा पेपर 8 जूनला दुपारी 3 ते 5, एकूण 150 गुण. नव्या राष्ट्रीय पेपरमध्ये श्रवणाला 30, वाचनाला 50, गाळलेल्या जागांना 30 आणि लेखनाला 40 गुण. म्हणजे ऐकणं आणि वाचणं मिळून 80, निम्म्याहून जास्त. सगळे प्रांत हाच साचा वापरत नाहीत. बीजिंगमध्ये 2021 पासून श्रवण आणि संभाषण मिळून 50 गुणांची परीक्षा संगणकावर होते, वर्षातून दोन संधी मिळतात. ग्वांगडोंगमध्ये 2011 पासून संगणकावर चित्रफितीतल्या आवाजाबरोबर वाचणं, प्रश्न विचारणं आणि गोष्ट पुन्हा सांगणं असतं. आपण मात्र राष्ट्रीय पेपरच धरून चालू.

श्रवणात 20 प्रश्न, प्रत्येकी दीड गुण, रेकॉर्डिंग साधारण 20 मिनिटांचं. पहिले 5 प्रश्न छोट्या संवादांवर. संवाद एकदाच ऐकवतात आणि उत्तर देऊन पुढचा प्रश्न वाचायला 10 सेकंद देतात. उरलेले 15 प्रश्न 5 लांब संवादांवर किंवा निवेदनांवर. ते दोनदा ऐकवतात. ऐकण्याआधी प्रत्येक प्रश्न वाचायला 5 सेकंद, ऐकून झाल्यावर उत्तराला प्रत्येकी 5 सेकंद. शेवटी उत्तरपत्रिकेवरचे गोल भरायला 2 मिनिटं वेगळी.

ही 5 सेकंदं फार महत्त्वाची आहेत. चार प्रश्नांचा संच असेल तर मुलाला 20 सेकंदांत चार प्रश्न आणि बारा पर्याय नजरेखालून घालायचे असतात. इथे तपासला जातो तो वाचनाचा वेग. कान तयार असलेला पण हळू वाचणारा मुलगा इथे गुण घालवतो, आणि निकालात ते 'श्रवण कच्चं' म्हणून दिसतं. म्हणूनच श्रवणाचे पर्याय लहान ठेवतात, एक ते पाच-सहा शब्दांचे, आणि चाराऐवजी तीनच देतात. वर्गातल्या चाचणीत सर्रास होणारी चूक हीच: पर्याय म्हणून लांबलचक वाक्यं दिली जातात, आणि श्रवणाच्या नावाखाली वाचनाचीच परीक्षा होते.

पण तीनच पर्याय ठेवायचे म्हटले की दुसरीकडे किंमत मोजावी लागते. डोळे मिटून गोल भरले तरी 20 पैकी सरासरी 6 ते 7 बरोबर येतात, म्हणजे 30 पैकी 10 गुण फुकट. वाचनाच्या पहिल्या भागातल्या 15 प्रश्नांना चार पर्याय असतात, तिथे 37.5 पैकी साधारण 9.4 गुण नशिबाचे. आता श्रवणात 18 गुण मिळवणारा मुलगा घ्या. त्याचे 12 प्रश्न बरोबर आहेत. त्याला जितके खरोखर कळले ते सोडून उरलेल्यांतले एक तृतीयांश नशिबानं बरोबर आले असं धरलं, तर कळलेले प्रश्न निघतात फक्त 8, आणि उरलेल्या 12 मधले 4 नशिबाचे. पालकांना 60 टक्के दिसतात, शिक्षकाला 40 दिसले पाहिजेत. हा हिशेब एका मुलावर ठाम लावू नका, नशीब कमीजास्त होतंच. वर्गाच्या सरासरीवर मात्र तो नीट चालतो.

आता चिनी मुलांचे कान नेमके कुठे अडतात ते पाहू. मँडरिनमध्ये अक्षराच्या शेवटी जवळजवळ फक्त न आणि ङ हीच व्यंजनं येतात. त्यामुळे इंग्रजी शब्दांच्या शेवटचे ट, ड, स हे आवाज ऐकताना निसटतात, आणि नेमका भूतकाळ आणि अनेकवचन तिथेच असतं. चिनी क्रियापद काळानुसार रूप बदलत नाही, म्हणून मन त्या आवाजाची वाटही बघत नाही. 'कॅन' आणि 'कान्ट'चा गोंधळ याच जातीचा. दुसरं, बोलताना 'तो' आणि 'ती' दोन्हींसाठी एकच उच्चार आहे. तीन माणसांबद्दलच्या संवादात कोण काय म्हणालं याचा माग सुटतो. तिसरं, मोठे आकडे. चिनीत मोजणी दहा हजारांच्या, म्हणजे 'वान'च्या, गटांनी होते, त्यामुळे 'वन हंड्रेड अँड फिफ्टी थाउजंड' ऐकलं की मुलाला मनात 15 'वान' करावे लागतात. आपल्याकडे दीड लाख करायला जितका क्षण लागतो तितकाच. पण रेकॉर्डिंग त्या क्षणासाठी थांबत नाही.

प्रश्न काढणारे याच जागा हेरतात. आवडता सापळा म्हणजे बदललेला बेत. एक जण म्हणतो साडेसहाला भेटू, दुसरी म्हणते मला जमणार नाही, सात वाजता ये. साडेसहा पर्यायांत असतोच. हा सापळा रास्त आहे, कारण संवाद शेवटपर्यंत ऐकला का, हे तो तपासतो. रास्त नसलेला सापळा असा: उत्तर पहिल्याच शब्दात देऊन टाकायचं, जेव्हा मुलाचं लक्ष अजून प्रश्नावरून आवाजाकडे वळलेलंही नसतं. उत्तर पहिल्या वाक्यात येऊ देऊ नका.

खोलीचाही परिणाम होतो. गाओकाओच्या वेळी केंद्रांभोवती हॉर्न वाजवायला बंदी असते, ध्वनिक्षेपकाची आधी चाचणी घेतात, आणि श्रवण असलेल्या पेपरला सुरुवातीच्या 15 मिनिटं आधी दार बंद होतं. उशिरा आलेल्याच्या खुर्चीच्या आवाजात बाकीच्यांचा प्रश्न बुडू नये म्हणून. तुम्ही वर्गात चाचणी घेत असाल तर स्पीकर फळ्याजवळ ठेवू नका, खोलीच्या मध्यावर ठेवा. आधी शेवटच्या बाकावर बसून स्वतः ऐका, पंखा चालू ठेवून.

[पडद्यावर: तीन फेऱ्या]

गुण कशामुळे गेला हे शोधायची एक रीत आहे, आणि तिला खर्च काहीच नाही. पहिली फेरी: रेकॉर्डिंग न लावता नुसते प्रश्न आणि पर्याय द्या. ही फेरी वेगळ्या तुकडीवर घ्या, कारण आधी प्रश्न वाचलेल्या मुलांना नंतर ऐकताना फायदा होतो. 50 मुलांत एखादा प्रश्न नशिबानं 16-17 जणांचा बरोबर यावा. 24 च्या वर गेला, तर ऐकण्याची गरजच नाही, पर्यायच उत्तर फोडतायत. तो प्रश्न काढून टाका. दुसरी फेरी: मुख्य तुकडीला नेहमीसारखी श्रवण चाचणी, निळ्या शाईत. उत्तरं सांगू नका. तिसरी फेरी लगेच: त्याच मुलांना संवाद छापून द्या, तेच प्रश्न, काळ्या शाईत. निळं चुकलं आणि काळं बरोबर आलं, तर शब्द माहीत आहेत, कान कमी पडला. दोन्ही चुकली, तर अडचण शब्दसंग्रहाची किंवा अर्थ लावण्याची आहे, आणि त्या मुलाला आणखी 50 रेकॉर्डिंगं ऐकवून काहीही होणार नाही. बहुतेक शिकवणी वर्ग दोन्ही गटांना एकच औषध देतात, आणि मुलांची वर्षं वाया जातात.

वाचनाकडे वळू. पहिल्या भागात A ते D असे चार उतारे, 15 प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण. A बहुधा माहितीपत्रक किंवा जाहिरात, D बहुधा विज्ञानावरचा लेख. अभ्यासक्रमाचा शब्दसंग्रह साधारण 3000 शब्दांचा, त्यामुळे त्याबाहेरचा शब्द आला तर तो संदर्भावरून उलगडावा अशी सोय उताऱ्यातच ठेवावी लागते. तपशिलाचा प्रश्न, निष्कर्षाचा, शब्दार्थाचा आणि मुख्य कल्पनेचा, हे चार प्रकार फिरून फिरून येतात. निष्कर्षाच्या प्रश्नात मुलं एकाच पद्धतीनं चुकतात: उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे असलेला पर्याय उचलतात. बरोबर उत्तर सहसा वेगळ्या शब्दांत मांडलेलं असतं.

मला या पेपरमधला सगळ्यात सुंदर प्रश्न वाटतो तो 'सातातून पाच'. एका उताऱ्यातून पाच वाक्यं काढलेली असतात, खाली सात दिलेली, दोन जादा. इथे नशिबाचा वाटा 12.5 पैकी जेमतेम 1.8 गुण. आणि तपासलं जातं ते खरं वाचन: हे सर्वनाम कोणाकडे बोट दाखवतंय, 'तरीही'च्या आधी काय असायला हवं, परिच्छेदाचं पहिलं वाक्य पुढच्या सगळ्याला सामावून घेतं का. करायची रीत अशी. पर्याय न बघता आधी उतारा वाचा. मग रिकाम्या जागेच्या आधीचं आणि नंतरचं वाक्य. त्यानंतर पर्यायातली सर्वनामं आणि जोडशब्द अधोरेखित करा. ज्या जागेची खात्री आहे तिथून सुरुवात करा, क्रमानं जायचा हट्ट नको. कारण एका जागी चुकून दुसऱ्या जागेचं वाक्य बसलं, तर दोन्ही जातात, 5 गुण एका फटक्यात. शिक्षकांनीही हे लक्षात ठेवावं. हे पाच प्रश्न एकमेकांवर अवलंबून आहेत, त्यामुळे पाच स्वतंत्र प्रश्नांसारखं त्यांचं विश्लेषण करता येत नाही.

[पडद्यावर: काठिण्य मूल्य, भेदन मूल्य]

चाचणी झाली की प्रत्येक प्रश्नाचे दोन आकडे काढायचे. बरोबर उत्तर देणारे भागिले एकूण मुलं, हे काठिण्य मूल्य. दुसरं भेदन मूल्य, म्हणजे प्रश्न हुशार आणि कच्ची मुलं वेगळी करतो का: एकूण गुणांनुसार मुलं लावा, वरचे 27 टक्के आणि खालचे 27 टक्के घ्या. 50 च्या वर्गात 13-13. समजा वरच्या गटात 11 बरोबर, खालच्यात 5. फरक 6, भागिले 13, उत्तर 0.46. 0.40 च्या वर प्रश्न उत्तम, 0.20 च्या खाली टाकाऊ. आकडा उणे आला, म्हणजे हुशार मुलं चुकतायत, तर आधी उत्तरसूची तपासा. बहुतेकदा तिथेच चूक सापडते किंवा दोन पर्याय बरोबर असतात. आणि ज्या चुकीच्या पर्यायाकडे 50 पैकी दोन मुलंही वळली नाहीत, तो पर्याय निरुपयोगी आहे. तुमचा तीन पर्यायांचा प्रश्न प्रत्यक्षात दोनचाच झालाय.

गाओकाओला हे आकडे परीक्षेआधी मिळत नाहीत. गुप्ततेमुळे प्रश्न आधी कोणावर वापरून बघता येत नाहीत. प्रश्न काढणाऱ्यांना परीक्षा होईपर्यंत बाहेरच्या जगापासून वेगळं ठेवतात. पेपर सुटला की तो सगळीकडे जातो, म्हणजे तोच प्रश्न पुन्हा वापरणंही अशक्य. वर्षातून एकदा परीक्षा असेल तोवर हे चालून जातं, कारण एका प्रांतात सगळ्यांना पेपर एकच.

2014 च्या सुधारणेनंतर झेजियांग प्रांतात इंग्रजीची परीक्षा वर्षातून दोनदा होऊ लागली, दोन्हींतला चांगला गुण धरायचा. 2018 च्या नोव्हेंबरचा पेपर आधीच्यापेक्षा कठीण निघाला. परीक्षा घेणाऱ्यांनी निकालाआधी वाचन आणि लेखनातल्या काही प्रश्नांना जादा भार दिला. ठरावीक प्रश्न बरोबर आलेल्यांना जास्त फायदा झाला, पालकांचा उद्रेक झाला, प्रांत सरकारनं चौकशी केली आणि डिसेंबरच्या सुरुवातीला तो भार रद्द करून मूळ गुण परत लावले. तांत्रिकदृष्ट्या चूक कुठे होती? पेपर कठीण होता की त्या खेपेची मुलं कच्ची होती, हे वेगळं करायला त्यांच्याकडे साधनच नव्हतं.

एमएचटी-सीईटी दिलेल्यांना इथे पर्सेंटाइल आठवेल. ते चालतं, कारण कोणत्या सत्रात कोण बसेल हे परीक्षार्थी ठरवत नाही, गट साधारण सारखे पडतात. झेजियांगमध्ये पहिल्या खेपेला ज्यांना चांगले गुण मिळाले त्यातले बरेच जूनला बसतच नाहीत. गट मुळातच वेगळे, पर्सेंटाइल तिथे फसवणार.

वर्गशिक्षकाला मात्र हा प्रश्न सोडवता येतो, कारण त्याचा पेपर बाहेर जात नाही. 20 प्रश्नांपैकी 6 प्रश्न दरवर्षी तेच ठेवा, प्रश्नपत्रिका मोजून परत घ्या. यंदाच्या वर्गाला त्या 6 मध्ये गेल्या वर्षीइतकेच गुण मिळाले आणि उरलेल्या 14 मध्ये सरासरी दोन प्रश्न कमी पडले, तर मुलं तशीच आहेत, पेपर दोन प्रश्नांनी कठीण झालाय. दोन्हीकडे घसरण असेल, तर पेपर नव्हे, वर्ग कच्चा आहे. हे 6 प्रश्न 0.40 च्या वर भेदन मूल्याचे निवडा, सोपे-मध्यम-कठीण मिसळून, आणि पेपरमध्ये दरवर्षी त्याच क्रमांकावर ठेवा. तोच प्रश्न शेवटी गेला तर थकव्यानंच कठीण होतो.