चार गुरूंची शोधयात्रा

[दृश्य: अहमदाबाद, आयआयएमच्या विटांच्या कमानी]

विटांच्या या भव्य कमानी आयआयएम अहमदाबादच्या, म्हणजे तिथल्या भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या. लुई कान या वास्तुविशारदाने उभारलेल्या. १९६१ साली ही संस्था हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या साथीने सुरू झाली आणि तिथली केस पद्धत इथेही रुजली. एखाद्या कंपनीपुढचा पेच कागदावर मांडायचा, विद्यार्थ्यांनी तो वाचून यायचं आणि वर्गात हिरिरीने वाद घालायचा. पद्धत कसदार आहे. पण त्या कागदावर निर्णय घेणारा असतो तो बहुतेक वेळा मोठा साहेब. लोहार, कुंभार, कोरडवाहू शेतकरी तिथे क्वचितच भेटतात.

याच संस्थेत १९८१ पासून शिकवणाऱ्या प्राध्यापक अनिल गुप्ता यांनी विद्यार्थ्यांना उठवून थेट डोंगरात नेलं.

त्यामागे एक बोचणी होती. ऐंशीच्या दशकात बांगलादेशात शेतीसंशोधनाचं काम करताना ते शेतकऱ्यांकडून खूप शिकले. जे शिकले ते इंग्रजीत लिहिलं, त्यातून नाव झालं, पैसेही मिळाले. ज्यांनी सांगितलं त्यांच्या पदरात काय पडलं? काहीच नाही. गरिबाकडून स्वस्तात माल उचलणाऱ्या व्यापाऱ्यात आणि आपल्यात फरक तो काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. दशकाच्या अखेरीस त्यातून ‘हनी बी नेटवर्क’ उभं राहिलं: सामान्य माणसांचं ज्ञान आणि युक्त्या टिपून इतरांपर्यंत नेणारं जाळं. हनी बी म्हणजे मधमाशी. मधमाशी फुलातून मध घेते, फूल त्याने गरीब होत नाही. उलट परागकण एका फुलाचे दुसऱ्यापर्यंत पोचतात. नियम साधे होते: ज्याचं ज्ञान, त्याचं नाव; जे लिहाल ते त्याच्या भाषेत त्याच्यापर्यंत परत न्या; आणि त्यातून कमाई झाली तर त्याचा वाटा त्याला द्या.

[दृश्य: डोंगरवाट, पाठीवर पिशव्या घेतलेली तरुण मुलंमुली]

१९९८ मध्ये नेटवर्कची पहिली शोधयात्रा गुजरातमध्ये निघाली. उन्हाळ्यात तापलेल्या मुलखात, हिवाळ्यात थंडीच्या प्रदेशात, गावोगाव पायी. पुढे आयआयएमच्या विद्यार्थ्यांसाठी हाच अभ्यासक्रम झाला आणि त्यांच्या वाटा हिमालयाकडे वळल्या. गुप्ता सांगतात, गुरू चार: आपल्या आतला, सोबत्यांमधला, निसर्गातला आणि सामान्य माणसांमधला. फळ्यापुढे उभा असलेला प्राध्यापक या यादीत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

गावात पोचल्यावर काय होतं, ते जरा जवळून पाहू. शाळकरी मुलांची जैवविविधतेची स्पर्धा लागते: किती वनस्पती ओळखता, कशाचा उपयोग काय? बायकांची पाककृतींची स्पर्धा होते, आणि त्यात कुणी न पेरता उगवणाऱ्या रानभाज्या मानाने मांडल्या जातात. कुणी एखादं अवजार जुळवलेलं असतं, त्याचा सत्कार त्याच्याच अंगणात, त्याच्याच शेजाऱ्यांसमोर होतो. दुसऱ्या गावात सापडलेली युक्ती या गावाला दाखवली जाते. नुसतं विचारून, वहीत उतरवून निघून जायचं नाही.

व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला बाजारपेठ मोजायला शिकवतात. इथे त्याला आधी गप्प बसून ऐकावं लागतं, आणि माझ्या मते त्याच्यासाठी हाच सगळ्यात अवघड धडा असतो. थोड्या दिवसांच्या पायपिटीने माणूस आमूलाग्र बदलतो, असा दावा मी करणार नाही. पण उद्या कंपनीत बसून खेड्यासाठी एखादी वस्तू आखताना त्याला निदान एखादा खराखुरा चेहरा आठवेल.

[दृश्य: धानाचं शेत, विदर्भ]

नावाचा आग्रह कशासाठी, हे आपल्या महाराष्ट्रात पाहायला मिळतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव. तिथल्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये धानाच्या शेतात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, हंगामामागून हंगाम जपल्या, निवडल्या. त्यातून जो बारीक, चवदार तांदूळ आला, त्याला त्या काळच्या लाडक्या घड्याळाचं नाव पडलं: एचएमटी. वाण दूरवर पसरला, तो शोधणारा मात्र वर्षानुवर्षं मागेच राहिला. हनी बीच्या कामातून २००० मध्ये उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने २००५ मध्ये त्यांचा गौरव केला. २०१८ मध्ये दादाजी गेले.

नागपूर-चंद्रपूरकडच्या एखाद्या व्यवस्थापन महाविद्यालयाला असा अभ्यासक्रम उद्या सुरू करायचा झाला, तर हिमालय गाठायची गरज नाही. नांदेडला एसटीनेही जाता येतं, आणि शेवटचे काही कोस पायी जावं.