मदुरोडॅम: आधी कुणाचं घर बघायचं?

नमस्कार, श्रोतेहो. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या माणसाला छोटं गाव कसं वसवायचं हे सांगायला नको. दिवाळीचा किल्ला आपण दगडमातीचाच करतो, वर अळीव पेरतो. हल्ली प्लॅस्टरचा तयार किल्ला आणून अंगणात ठेवतात, ते मला अजिबात पटत नाही. नखांत माती गेलीच पाहिजे.

नेदरलँड्सच्या हेग शहरात असाच अख्खा देश मांडलाय, मदुरोडॅम. प्रमाण एकास पंचवीस. परत सांगतो, एकास पंचवीस. युट्रेख्टचा डोम मनोरा खरा ११२ मीटर, इथला साडेचार. माणूस जेमतेम ७ सेंटिमीटर. झाडं मात्र जिवंत, सतत छाटून बुटकी ठेवलेली. छाटणी राहिली की झाड चर्चच्या डोक्यावर जातं आणि सगळा भास मोडतो.

उभ्यानं फोटो काढलात तर नुसती छपरं येतील. उकिडवे बसा, फोन गुडघ्याखाली धरा. छत्री नेऊ नका, समुद्राच्या वाऱ्यानं उलटते, रेनकोट बरा. टूरवाले पाऊण तास देतात, तो पुरत नाही. अडीच तास मागूनच घ्या.

आता ज्याच्यासाठी हा विषय घेतला, तो जॉर्ज मदुरो. १९१६ साली कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटावर, ज्यू घरात जन्मलेला, आईवडिलांचा एकुलता मुलगा. नेदरलँड्समधल्या लायडनला कायदा शिकायला आला. १० मे १९४० ला हेगभोवती जर्मन छत्रीसैनिक उतरले, तेव्हा हा घोडदळाचा राखीव अधिकारी होता, वय २३. जर्मनांनी बळकावलेल्या एका बंगल्यावर आपले शिपाई घेऊन चालून गेला आणि बंगला परत घेतला. पण देश पाच दिवसांत पडला. मग तुरुंग, सुटका, लपून राहणं, पुन्हा अटक. फेब्रुवारी १९४५ मध्ये दाखाऊच्या छळछावणीत टायफसनं तो गेला. छावणी मुक्त व्हायला तीन महिनेही उरले नव्हते हो!

तिकडे नेदरलँड्समध्ये बून-व्हॅन डर स्टार्प नावाच्या बाई क्षयी विद्यार्थ्यांच्या सॅनेटोरियमसाठी पैसा उभा करत होत्या. मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या क्षय-सॅनेटोरियमचं नाव ज्यांच्या घरी निघायचं, त्यांना क्षयाचा खर्च माहीत आहे. इंग्लंडमध्ये बेकनस्कॉट नावाचं छोटं गाव होतं, त्याच्या तिकिटांचा पैसा धर्मादायाला जाई. तसंच आपल्याकडे करू, असं बाईंनी ठरवलं. सुरुवातीचं भांडवल दिलं जॉर्जच्या आईवडिलांनी, मुलाच्या स्मरणार्थ. २ जुलै १९५२ ला दारं उघडली. या गावाची पहिली महापौर कोण? १४ वर्षांची राजकन्या बेआट्रिक्स! १९८० मध्ये राणी होईपर्यंत ते पद तिच्याकडेच होतं.

जॉर्जच्या कुरासावमधल्या घराची प्रतिकृतीही आत आहे. विमानतळ, धरणं नंतर. आधी ते घर बघा, पोरांना तिथंच थांबवून ही हकिगत सांगा.

जायचं कसं? हेग सेंट्रलहून ९ नंबरची ट्राम, स्खेवेनिंगनच्या दिशेची. थांब्याचं नावच मदुरोडॅम. ट्रामचं भाडं बँकेच्या कार्डानंच देता येतं, म्हणून निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर आणि टॅप, दोन्ही चालू करा. माणशी एक कार्ड. एकावर दोघं चालत नाहीत. चढताना यंत्राला टेकवायचं, उतरतानाही टेकवायचं. उतरतानाचं विसरलं की जास्तीचे पैसे कापले जातात. म्हणून पुन्हा सांगतो, उतरतानाही टेकवा.