नावातच शोर

(पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

2000 साली मी सदाशिव पेठेत आत्याकडे राहून शिकत होतो. शिकत होतो हे आपलं म्हणायचं. खरा मुक्काम टिळक रोडवरच्या एका अमृततुल्यात. तिथे आमची चौघांची टोळी जमायची. चौघांनीही टोल्कीनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीचे तीन खंड वाचलेले, पण संच एकच. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेला, आणि दुसऱ्या खंडाची शेवटची काही पानं गायब. त्यामुळे त्यातला नायक फ्रोडो मेला की जगला, हे आम्हाला तिसऱ्या खंडाच्या उत्तरार्धापर्यंत कळलं नव्हतं. इतक्या हालअपेष्टा सोसून वाचलेल्या पुस्तकावर माणसाचा हक्क बसतो हो. ते आपलंच वाटायला लागतं.

तेव्हा कळलं, न्यूझीलंडमध्ये 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या तिन्ही भागांचं चित्रीकरण एकदमच चाललंय, दिग्दर्शक पीटर जॅक्सन. इथवर ठीक. मग कळलं, संगीत हॉवर्ड शोर करणार. आमच्यातला एक जण पार्श्वसंगीताच्या कॅसेटी जमवायचा. तो बशीत चहा ओतता ओतता म्हणाला, "नावातच शोर आहे. पुढे ऐकायचं काय?"

आम्ही काय केलं, तर बिलाच्या पाठीमागे शोरच्या चित्रपटांची यादी केली. (एकेरी बोलतोय, रागावू नका. आपण 'भीमसेन काय गायला!' म्हणतो, त्यातलंच हे.) 'द फ्लाय', 1986, माणसाची माशी होते. 'डेड रिंगर्स', 1988, जुळे स्त्रीरोगतज्ज्ञ, पुढचं न सांगितलेलं बरं. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज', 1991, नरमांसभक्षक. 'सेव्हन', 1995, खोक्यात मुंडकं. आणि मध्येच 1993 ला 'मिसेस डाउटफायर', म्हणजे आपल्याकडच्या 'चाची 420'ची मूळ बाई. त्याआधी हा गृहस्थ अमेरिकन टीव्हीवरच्या 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या विनोदी कार्यक्रमाचा पहिला संगीत दिग्दर्शक होता, आणि त्याच्याही आधी एका कॅनेडियन बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवत होता. यादी संपली तेव्हा टेबलावर सुतक पसरलं. यात हॉबिट, म्हणजे टोल्कीनचा तो छोटासा साधा जीव, कुठे बसतो?

आम्हाला हवा होता जेम्स हॉर्नर. 1988 चा 'विलो' आणि 1995 चा 'ब्रेव्हहार्ट' त्याचे. नाहीतर 1982 चा 'कोनन द बार्बेरियन' करणारा बेसिल पोलेडूरिस. नाहीतर मग जॉन विल्यम्स. विल्यम्सला कोण नाही म्हणणार? कॅसेटीवाल्याने तर मिसळीची पैजच लावली, शोरपेक्षा हॉर्नरच सरस.

आता, त्या शंका खुळ्या होत्या असं मी म्हणणार नाही. आज हसायला सोपं आहे. पण फॅण्टसीवाल्यांची जीभ दुधाने पोळलेली होती. 1985 चा 'लेडीहॉक' बघा. मध्ययुगीन किल्ले, शापित सरदार, दिवसा ससाणा होणारी त्याची प्रेयसी, आणि घोडा दौडायला लागला की मागे सिंथेसायझर आणि रॉकचे ड्रम. संगीत अँड्र्यू पॉवेलचं, निर्मिती अ‍ॅलन पार्सन्सची. दोघेही गुणी, पण त्या घोड्याखाली जमीन राहत नाही. 'लेजंड'चं तर आणखी वाईट. जेरी गोल्डस्मिथने त्याच्यासाठी वाद्यवृंद आणि गायकवृंद घेऊन संगीत पूर्ण केलं होतं. अमेरिकेत चित्रपट लावताना ते काढून टाकलं आणि टँजरीन ड्रीम या जर्मन इलेक्ट्रॉनिक मंडळींकडून नवं करून घेतलं. युरोपातल्या प्रेक्षकाने एक चित्रपट पाहिला, अमेरिकेतल्याने दुसराच. हे माहीत असलेला माणूस ताक फुंकूनच पिणार.

तेव्हा काळजी रास्त होती. चूक कुठे झाली, तर आम्ही यादी वाचली, संगीत ऐकलं नाही. कॅसेटी जमवणाऱ्या मित्राकडेसुद्धा शोरची एकही कॅसेट नव्हती! आम्ही त्याला ओळखत होतो ते चित्रपटांच्या कथानकांवरून. म्हणजे एखाद्या स्वयंपाक्याची परीक्षा तो कुठल्या आळीत राहतो यावरून करण्यासारखं.

ही खोड आपल्या गावाला नवी नाही, म्हणून जरा आडवाटेला जातो. 1936 साली इथे, आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्या प्रभातच्या स्टुडिओत, 'संत तुकाराम' झाला. संगीत केशवराव भोळ्यांचं. तीनच वर्षं आधी केशवरावांनी संगीत दिलं होतं 'आंधळ्यांची शाळा'ला. ते नवं, युरोपीय वळणाचं नाटक, पदांची खैरात बंद करणारं. आमच्यासारखी टोळी तेव्हा असती तर तिने बिलाच्या पाठीमागे यादी केली असती आणि विचारलं असतं, या माणसाला टाळ-मृदंगाचं काय कळणार? आणि झालं काय? 'आधी बीज एकले' हे शांताराम आठवल्यांचं गीत लोकांनी तुकोबांचा अभंग समजून डोक्यावर घेतलं. शब्द आठवल्यांचे खरेच, पण चालीत जर कुठे नाटकी हरकत असती तर लोक फसले नसते. यादीतून हे कळत नाही.

शोरकडे परत येऊ. 'द फ्लाय' नीट ऐका. चित्र बंद करा आणि ऐका. शेवटाकडे जे वाजतं ते भीतीचं नाही, शोकाचं आहे. मोठा वाद्यवृंद, खर्जात सावकाश सरकणारा, अगदी ऑपेराच्या थाटात. पुढे 2008 साली त्याने याच कथेवर खरोखरीचा ऑपेरा लिहिला, त्यामुळे हे माझंच कौतुक आहे असं नाही. 1991 च्या 'नेकेड लंच'मध्ये जॅझवाल्या ऑर्नेट कोलमनचा मोकाट सॅक्सोफोन आहे आणि त्याच्या खाली लंडन फिलहार्मोनिकचा वाद्यवृंद. तिन्ही रिंग्जचं बहुतेक सगळं संगीत ज्या वाद्यवृंदाने वाजवलं, तो हाच. म्हणजे आम्ही अमृततुल्यात सुतक पाळत होतो तेव्हा या माणसाचा हात त्या वाद्यांवर कधीच बसलेला होता.

मे 2001 मध्ये कान महोत्सवात चित्रपटाची वीसेक मिनिटं दाखवली. त्यात मोरिया होतं, बुटक्यांची जमिनीखालची उजाड नगरी. त्यासाठी शोरने न्यूझीलंडमध्येच ध्वनिमुद्रण केलं, आणि गायकवृंदात घेतले माओरी आणि पॅसिफिक बेटांवरचे पुरुष. गोड गळ्याचे नव्हेत, छातीतून हुंकारणारे. शब्द टोल्कीनने बुटक्यांसाठी रचलेल्या भाषेतले. दगडाला आवाज असता तर तो असाच आला असता. तिथून वारं फिरायला लागलं.

आता चाल कशी वापरली आहे ते सांगतो, कारण मला सर्वांत आवडतं ते हेच. कथेत अंगठी नष्ट करायला नऊ जणांचा चमू निघतो, त्या चमूची एक धून आहे. दुसरा कुणी असता तर त्याने ती नावाच्या पाटीबरोबरच दणक्यात वाजवली असती. शोर ती दडवून ठेवतो. फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम दोघेच शेतातून निघतात तेव्हा तिचा एक तुकडा येतो, लाजत. माणसं वाढतात तशी ती वाढते. रिव्हेंडेलमध्ये, म्हणजे एल्फ या अमर, देखण्या लोकांच्या वस्तीत, नऊ जण उभे राहतात तेव्हा ती पहिल्यांदा पुरती, पितळी वाद्यांवर, छाती काढून येते. मोरियात त्यांचा जादूगार गँडाल्फ पडतो आणि त्यानंतर ती पुन्हा तशी लागत नाही. चमू फुटत जातो, तशी धूनही. म्हणजे बडा ख्याल जसा भरतो तसं हे भरतं, आणि नंतर डोळ्यांदेखत उसवतं. जर्मन संगीतकार वागनरने ऑपेरात हे तंत्र रुळवलं, पण तीन चित्रपटांत मिळून जवळजवळ दहा तास ते पेलायचं म्हणजे गंमत नाही.

आयझेनगार्डला, म्हणजे खलनायक सारुमानच्या गडाला, पाच मात्रांचा ठोका आहे. तिथे ऐरणी, धातूच्या पट्ट्या, जपानी तैको ढोल. चाराची सवय असलेल्या कानाला पाचात सतत एक पाय लंगडा वाटतो, आणि यंत्रांखाली जंगल चिरडणाऱ्या माणसाला तो शोभतो. आपल्याकडे झपताल दहाचा, त्याचा अर्धा पाचच, पण तो कसा डौलात चालतो! पाच तेच, चाल वेगळी.

आणि आता आत्या. पहिल्या भागाच्या संगीताची सीडी टोळीने वर्गणी काढून घेतली आणि आमच्याकडे लावली, कारण प्लेअर आत्याचा होता. आत्या म्हणजे दर डिसेंबरला सवाई गंधर्वला सतरंजी, थर्मास आणि दोन दिवसांची पोळी-भाजी घेऊन जाणारी बाई. ती स्वयंपाकघरात घेवडा निवडत होती. लोथलोरियन सुरू झालं. एल्फांचं सोनेरी अरण्य. सुंदर, पण आत गेलेला माणूस जरा बिचकतो असं. आत्या हातात शेंग तशीच धरून दारात आली. म्हणाली, "ऋषभ कोमल लावलाय. गंधार शुद्ध. भैरव नाही, पण भैरवाच्या भावकीतलं आहे." मग थांबून, "इंग्रजी आहे ना हे?"

आत्याचे कान चुकत नव्हते. शोरने तिथे अरबी हिजाज मकामाचा आधार घेतलाय (मकाम म्हणजे अरबांचा रागच म्हणा). कोमल ऋषभ आणि शुद्ध गंधार ही त्याची ओळखीची खूण. वाद्यांत नेय ही बासरी आहे आणि चक्क आपली सारंगी आहे. हॉर्नरच्या नावाने उसासे टाकणारे आम्ही त्या दिवशी गप्प बसलो. दुसऱ्या भागात रोहनच्या घोडेस्वारांसाठी नॉर्वेचं हार्डांगर फिडल आलं. त्याला वाजवायच्या चार तारांखाली नुसत्या झंकारणाऱ्या तारा असतात, आपल्या सारंगीच्या तरफांसारख्या. आत्याने तेही ऐकलं आणि फक्त "तरफा" एवढंच म्हणाली.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. 2002 साली पहिल्या भागाच्या संगीताला ऑस्कर, 2004 साली तिसऱ्याच्या संगीताला आणि गाण्याला. शंका काढणारे सगळे म्हणायला लागले, आम्हाला पहिल्यापासून खात्री होती. मीसुद्धा म्हटलं असेल.

आणि गंमत बघा. 2005 साली याच जॅक्सनचा 'किंग काँग' आला. संगीत शोर करणार म्हटल्यावर कुणाच्या मनात शंका आली नाही. आम्ही तर चित्रपट यायच्या आधीच सीडीची वर्गणी काढून ठेवली होती. आणि तो लागायला दोनेक महिने उरले असताना शोर बाहेर पडला. काय ऐकू यावं याबद्दल दोघांचं जुळलं नाही. ते काम जेम्स न्यूटन हॉवर्डने जेमतेम काही आठवड्यांत उरकलं. यादी या वेळी आमच्या बाजूने होती, तरी आम्ही पुन्हा तोंडावर आपटलो. वर्गणीची मिसळ खाल्ली.

मिसळीवरून आठवलं, मूळ पैजही मिसळीचीच होती. कॅसेटीवाल्या मित्राने ती आजवर दिलेली नाही. 2015 च्या जूनमध्ये हॉर्नर स्वतःचं विमान चालवताना कोसळून गेला. त्या रात्री मित्राचा फोन आला. बराच वेळ आम्ही 'विलो'बद्दल बोललो, त्याने फोनवरच ती धून शिट्टीवर वाजवली, थोडी बेसूर. ठेवताना म्हणाला, "एकदा त्याला करायला द्यायला हवं होतं यार. पैज काही मी हरलेलो नाही अजून."