आधी कडबा, मग लसूणघास

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

हिवाळ्यात मका, कडवळ आणि उसाचे वाढे यांनी जनावराचे पोट भरते; कमी पडतात ती प्रथिने, आणि त्यांच्यासाठी आपण पेंडीची पोती विकत आणतो. लसूणघास आणि बरसीम ही द्विदल पिके ती उणीव घरच्या रानातूनच भरून काढतात, कारण त्यांच्या वाळलेल्या चाऱ्यात साधारण १८ ते २० टक्के प्रथिने असतात. निचऱ्याच्या जमिनीत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, रायझोबियम हे जिवाणू खत चोळलेले लसूणघासाचे बियाणे एकरी १० किलो पेरावे.

परंतु हा चारा देण्याची एक रीत आहे, आणि ती मला संगमनेर तालुक्यातील एका ताईंच्या गोठ्यात नीट उमगली. दव पडलेल्या सकाळी त्यांच्या मुलाने कोवळी लसूणघास कापून ओलीच उपाशी गाईपुढे टाकली. थोड्याच वेळात गाईची डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागची कूस, ढोलासारखी फुगली, ती पाय झाडू लागली आणि तिला धाप लागली. ताईंनी मुलाला डॉक्टरांना फोन करायला सांगितले, गाईचे पुढचे पाय उंचवट्यावर येतील अशी तिला उभी केली आणि लाळ सुटत राहावी म्हणून कडुलिंबाची काठी तिच्या तोंडात आडवी बांधली. डॉक्टरांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे, ठसका लागून तेल फुप्फुसात जाऊ नये म्हणून मान फार वर न उचलता, त्यांनी तिला गोडेतेल थोडे थोडे पाजले. डॉक्टर येईपर्यंत गाईला ढेकर येऊ लागले होते. गोठ्याचे काम बायका करतात आणि प्रशिक्षणाचे निमंत्रण मात्र पुरुषांना जाते, हे मला मुळीच पटत नाही. त्या सकाळी गाय वाचली ती ताईंच्या प्रसंगावधानाने.

तेव्हापासून त्या घरी दव उडाल्यावरच घास कापतात, तो काही वेळ सुकू देतात आणि कडब्याची कुट्टी खाऊन झाल्यावर गव्हाणीत टाकतात. पुन्हा सांगतो : आधी कडबा, मग लसूणघास, आणि घास ओला नको, सुकवलेला हवा. बरसीमलाही हाच नियम लागू आहे.

लसूणघासाची पहिली कापणी पेरणीनंतर ५० ते ५५ दिवसांनी आणि पुढच्या कापण्या २५ ते ३० दिवसांच्या अंतराने, फुलोरा सुरू होताना कराव्यात. बियाणे घेताना त्यात अमरवेलीचे, म्हणजे पिकाला विळखा घालून त्याचा रस शोषणाऱ्या पिवळ्या वेलीचे, बी नसल्याची खात्री करावी, आणि तरीही शेतात पिवळे धागे दिसले, तर तेवढा भाग त्यांना फुले येण्यापूर्वीच घासासकट कापून जाळावा.