पत्रा टिकला, बोल्ट गेले

(अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

टेबलावर हा जो पत्रा ठेवलाय, तो आमच्या पहिल्या १५ किलोच्या लढाऊ रोबोटचं पुढचं चिलखत. हार्डॉक्स ४५० नावाचं टणक पोलाद, जाडी ४ मिलिमीटर, लांबी ३० आणि रुंदी १५ सेंटिमीटर. वजन जवळपास १.४ किलो. मधोमध एक खड्डा आहे, त्यात करंगळीचं टोक बसतं. तडा कुठेच नाही. तरीही ती लढत आम्ही मिनिटभराच्या आत हरलो, कारण हा पत्रा अख्खाच्या अख्खा निघून रिंगणाच्या भिंतीवर जाऊन आदळला. भोकांमध्ये फक्त बोल्टांचे बुंधे राहिले होते.

रोबोटांच्या झुंजीच्या या खेळाची सुरुवात १९९४ साली सॅन फ्रान्सिस्कोत मार्क थॉर्पने भरवलेल्या स्पर्धेतून झाली. आपल्याकडे बऱ्याच मुलांना हे वेड लागलं ते आयआयटी मुंबईच्या टेकफेस्ट या महोत्सवातल्या रोबोवॉर्समुळे. इतिहास एवढा पुरे. आपण पत्र्याकडे वळू.

आधी समोरून येतं काय, ते बघा. प्रतिस्पर्ध्याचं हत्यार म्हणजे कडेला दात असलेली फिरती चकती. ४ किलोची, १० सेंटिमीटर त्रिज्येची भरीव चकती मिनिटाला ६००० फेरे घेतेय असं धरा. गणित केलंत तर तिच्यात ३९०० ज्यूलच्या वर ऊर्जा साठलेली निघते. दाताचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटर. आता तुमचा १५ किलोचा रोबोट उचला आणि नवव्या मजल्याच्या गच्चीवरून खाली टाका. साधारण तेवढीच ऊर्जा. ती सगळी एकाच फटक्यात तुमच्यात उतरत नाही, हे खरं. पण चाचणी काय तोडीची हवी, याचा अंदाज येतो.

तुमच्या लॅबमध्ये चार्पीचा लंबक आहे, एका फटक्यात तुकडा तोडायला किती ऊर्जा लागली ते मोजणारा. १० बाय १० बाय ५५ मिलिमीटरचा तुकडा, त्याला २ मिलिमीटरची खाच. त्या लंबकाची क्षमता साधारण ३०० ज्यूल. पोरं तो सोडतात, आकडा जर्नलमध्ये उतरवतात आणि चहाला जातात. पण ती खाच कशासाठी असते? धातूला कमकुवत जागा मुद्दाम दाखवायची आणि मग विचारायचं, आता सांग, तू किती चिवट आहेस? आपल्या भाषेत टणक आणि चिवट हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि लोहार ते कधीच एकमेकांच्या जागी वापरत नाही. कानस टणक असते, पण दगडावर आपटली की तुटते. गाडीच्या कमानपाट्याला पाणी दिल्यावर, म्हणजे तापवून झटकन गार केल्यावर, तो तसाच ठेवला तर ठिसूळच राहतो. पुन्हा तापवून टणकपणा थोडा उतरवावा लागतो, मग तो चिवट होतो. चिलखताला हे दोन्ही गुण हवेत, आणि एक वाढवायला गेलं की दुसरा कमी होतो.

लढतीआधीची आमची चाचणी अशी होती. जिन्याच्या मोकळ्या जागेत ४ मीटर उंचीचा जाड पाइप उभा केला आणि त्यातून १० किलोचं वजन खाली सोडलं. वजनाच्या टोकाला कडक पोलादाचा दात. म्हणजे दर वेळी ३९० ज्यूल. पत्रा खाली फरशीवर. एकाच जागी पाच घाव घातले. प्रत्येक घावानंतर व्हर्नियरने खड्डा मोजला आणि पत्रा वाजवून पाहिला. मडकं घेताना आपण टिचकी मारतो ना, तसं. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द आवाज आला की तडा शोधायचा. डोळ्याला दिसत नसेल तर लाल रंगाचा स्प्रे मारा, दहा मिनिटांनी पुसा आणि वरून पांढरी पावडर फवारा. तडा असेल तर लाल रेघ उमटते. खर्च दोन डब्यांचा. आमच्या पत्र्यावर रेघ उमटली नाही. आम्ही पेढे वाटले.

त्या चाचणीत तीन चुका होत्या, आणि तिन्ही आमच्याच.

पत्रा फरशीवर सपाट ठेवला होता, म्हणजे त्याला वाकायला जागाच नव्हती. रोबोटवर तो चौकटीला फक्त कडांनी धरलेला असतो आणि मध्ये पोकळी असते. दुसरी चूक अशी की आम्ही घाव मधोमध घातले. फिरणारं हत्यार मध्य शोधत नाही, ते कड शोधतं. ते किती खोल चावणार, याचं गणित सोपं आहे. दोन रोबोट सेकंदाला ३ मीटर वेगाने जवळ येतायत आणि चकतीला दोन दात आहेत, तर सेकंदाच्या १०० फेऱ्यांत २०० दात समोरून जातात. म्हणजे दातामागे १५ मिलिमीटर. एकच दात ठेवला तर ३०. म्हणून तर अनुभवी लोक एका दाताचं हत्यार करतात. ३० मिलिमीटर आत शिरलेल्या दाताला पत्र्याची कड, बोल्टाचं डोकं, जोड, काहीही अडकायला चालतं.

आणि बोल्ट तर आम्ही तपासलेच नव्हते. एम-६ चे, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीचे चार, ताकदीचा ग्रेड १२.९. मोठा आकडा, म्हणजे भारी माल, अशी आमची समजूत. ते ताकदवान असतात, पण तुटायच्या आधी फारसे ताणले जात नाहीत. ८.८ वाला ताकदीला कमी, पण आधी वाकून तरी दाखवतो. आमचा पत्रा इतका टणक होता की त्याने स्वतः फार काही सोसलं नाही. आलेला झटका जसाच्या तसा त्या चार बोल्टांकडे पाठवला.

भोकांचीही एक भानगड होती. पत्रा आम्ही बाहेरून गॅसवर कापून घेतला होता. कडेला निळी-जांभळी झाक आली होती आणि ती आम्हाला सुंदर वाटली! पोलादावर निळा रंग आला म्हणजे ते ३०० अंशांच्या आसपास तापलं. हार्डॉक्स २५० अंशांच्या वर गेलं की मऊ पडायला लागतं. हरल्यानंतर कानस फिरवून पाहिली. मधोमध जेमतेम ओरखडा, कडेला भुगा पडत होता. भोकं नेमकी त्याच मऊ पट्ट्यात पाडलेली. पाण्याच्या झोताने कापून घेतलं असतं तर हे टळलं असतं. थोडं महाग पडतं, पण पडू द्या.

नंतर आम्ही चौकटीसकट चाचणी सुरू केली. खरी चौकट, खरे बोल्ट, आणि घाव कडेवर, तिरपा. आठ बोल्ट, एम-८, डोकी आतल्या बाजूला. पत्रा आणि चौकट यांच्यामध्ये रबरी बुश घातले, भोकं थोडी सैल ठेवली. पहिल्याच घावाला पत्रा हलला, मागे सरला आणि पुन्हा जागेवर आला. बोल्ट शाबूत. तेव्हा कळलं की चिलखताने थोडं हललेलं बरं असतं.

‘पोलादच का, अॅल्युमिनियम का नको?’ असा प्रश्न येणार, म्हणून आधीच सांगतो. तेवढ्याच वजनात अॅल्युमिनियमचा पत्रा जवळपास तिप्पट जाड मिळतो. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनात वाढतो, म्हणजे २७ पट. पण मूळ ताठपणा एक तृतीयांश, म्हणून शेवटी ९ पट. चौकटीसाठी उत्तम. पण धारदार दात त्याचे लचके तोडतो. दीड किलोच्या आतल्या छोट्या रोबोटांना तर भाजी चिरायचा पांढरा प्लॅस्टिकचा बोर्डही चालतो. तो कापला जातो, पण तडकत नाही. आरपार दिसावं म्हणून अॅक्रिलिक मात्र लावू नका, त्याचे तुकडे उडतात. पॉलिकार्बोनेट लावा. आणि त्याच्या बोल्टांना थ्रेडलॉकर, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावतात तो गोंद, लावू नका, त्या रसायनाने पॉलिकार्बोनेटला आपोआप तडे जातात. एकदा आम्ही रात्री लावलं, सकाळी प्रत्येक भोकाभोवती कोळ्याचं जाळं.

आणखी एक. खऱ्या हत्याराने चाचणी करायची असेल तर बंद पेटीतच करा, आणि चकतीच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. आमच्या खोलीतली ट्यूबलाइट गेली. तिथे त्याच्या पाच मिनिटं आधी एकजण बसून वडापाव खात होता.

पत्रा फिरवतो, मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. खड्ड्यात बोट घालून बघा, मग भोकांच्या कडा बघा, कशा लांबट झाल्यात. जरा जपून, डाव्या कोपऱ्याला अजून धार आहे.